दोन बायांचा कोयता

किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही, ते डबे घेऊन माझ्याकडे येतात. घाटनांदूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात माझी पिठाची गिरणी. मोटर चालू असली की इथे कुजबुजता येत नाही, घरातलं भांडणसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. ज्वारीचं पीठ होईपर्यंत एका बाईचं निम्मं आयुष्य माझ्या कानावर आलेलं असतं. त्यात दारूचा विषय नाही असा दिवस मला तरी आठवत नाही.

आणि लाइट गेली की मजा! एकदा मुक्ता मला मोठ्यानं सांगत होती, "रात्री नामदेवनं भगुलं फेकून..." आणि लाइट गेली. मोटर बंद. समोर कडुलिंबाखाली चार माणसं बसलेली, त्यात खुद्द तिचा नवरा नामदेव. सगळ्यांच्या माना वळल्या.

मुक्तानं पदर खोचला, नामदेवकडं बघितलं आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात वाक्य पुरं केलं, "...मारलं, पन नेम चुकला!"

तिची सासू गोदाबाई ओट्यावरच होती. ती कडाडली, "घरातलं उकिरड्यावर कशाला टाकती गं? पुरुषाची जात हाय, घेतो घोटभर!" गोदाबाईचं हे पेटंट वाक्य. पोरगा गटारात सापडला तरी तिच्या लेखी घोटभरच!

* * *

मुक्ताची मैत्रीण सोजर. तिचा नवरा उत्तम म्हणजे नामदेवचा बसण्या-उठण्यातला जोडीदार, बसण्यातला जास्त.

उत्तमनं एकदा घरातलं स्टीलचं पातेलं विकून दारू प्यायली. सोजरच्या लग्नात तिच्या मामानं दिलेलं पातेलं ते. सोजर शोधत शोधत थेट हातभट्टीवर गेली. दारूवाल्यानं त्याच पातेल्यात गिऱ्हाइकांसाठी चिवडा ठेवलेला! हिनं चिवडा त्याच्या पुढ्यात ओतला आणि पातेलं काखेत मारलं.

दारूवाला ओरडला, "ए बाई, उत्तमनं इकलंय ते मला!"

सोजरनं पातेलं त्याच्या नाकापुढं धरलं. काठावर मामाचं नाव कोरलेलं. "मंग उत्तमचं नाव दाखव ह्याच्यावर!"

* * *

हसू येतं ना? मलाही येतं. पण मुक्ताची पोरगी वैशाली लहानपणी काय करायची, ते ऐका. बापाच्या चपला दारात नीट वाजल्या तर अभ्यास चालू ठेवायचा. फरफटत आल्या तर त्याच्या हाताला लागतील अशी भांडी आधी आत लपवायची आणि मग आजीच्या मागे जाऊन बसायचं. पोरांनी पाढे शिकायच्या वयात ही चपला ओळखायला शिकली! याची मला चीड येते, आणि ती कमी व्हावी असं मला अजिबात वाटत नाही.

माझे मालकही दारूनंच गेले. दहाव्याला माणसं एकामागून एक येऊन सांगत होती, "लई दिलदार माणूस व्हता, वैनी. राजा माणूस!" गावाला पाजायचे म्हटल्यावर दिलदार असणारच. तिसऱ्या-चौथ्या पाहुण्याला मी म्हणाले, "राजा कसा व्हता ते परजेला इचारा की!" गिरणी मी त्याच साली घातली.

* * *

नामदेवनं दारू सोडली होती बरं का, एकदा! मुक्ता त्याला नारायणगडावर घेऊन गेली, तिथे त्यानं तुळशीची माळ घातली. गोदाबाईनं गल्लीभर पेढे वाटले.

पण नामदेव भाविक माणूस. माळ घालून प्यायची म्हणजे पाप! म्हणून संध्याकाळ झाली की तो माळ काढायचा, तिला नमस्कार करायचा, खुंटीला अडकवायचा आणि मग भट्टीवर जायचा. सकाळी अंघोळ करून पुन्हा गळ्यात. देवाचीही ड्युटी लावून दिली होती त्यानं!

एका संध्याकाळी परत आला तर खुंटी रिकामी. माळ मुक्ताच्या गळ्यात.

"तुमाला सवड व्हत न्हाई, म्हून मी घातली," मुक्ता म्हणाली. "आता मी माळकरीन. दारूचा वास आलेला मानूस माज्या चुलीपशी चालायचा न्हाई."

नामदेवनं आशेनं आईकडं बघितलं. गोदाबाई स्वतः जन्माची माळकरीण. तिनं तोंड उघडलं, सुनेच्या गळ्यातली माळ बघितली आणि तोंड मिटलं. नामदेव त्या रात्री अंगणात जेवला.

* * *

वैशाली आता अंबाजोगाईला कॉलेजला आहे, तिथेच होस्टेलवर राहते. सुट्टीत आली होती तेव्हा तिला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील खुर्चीत रेलून म्हणाले, "पोरी, जरा चालून दाखव बरं."

वैशाली चालली. मग आत जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आली आणि दारापासून भिंतीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. "आता पाहुन्यांनी चालावं. रेघंवरनं!"

गोदाबाईनं कपाळावर हात मारला. मुलगा बिचारा भला निघाला. घामाघूम झाला, पण अगदी रेघेवरून चालला.

वैशाली मुलाच्या वडिलांकडं वळली, "मामा, आता तुमी."

मामांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "माजा... माजा गुडगा दुखतोय!"

तेव्हा अजून सकाळच होती!

* * *

आता यंदाचं. आमच्याकडं ऊस तोडायला जातात ते नवरा-बायकोच्या जोडीनं, आणि त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मागच्या हंगामात नामदेव बांधावर पिऊन पडायचा. तोडायचं मुक्तानं, मोळ्या बांधायच्या मुक्तानं, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या मुक्तानं, आणि संध्याकाळी पाचटाच्या कोपीत मारही मुक्तानंच खायचा. यंदा घरी बसावं तर वैशालीचं कॉलेज बंद. गेली तर पुन्हा तोच हंगाम. मुक्ता माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "आक्का, मी जानार. पन ह्याच्यासंगं न्हाई."

सोजर म्हणाली, "मंग माज्यासंगं चल."

दोघी मुकादमाकडं गेल्या. त्याच्या हाताखाली सगळी टोळी. तो हसायलाच लागला. "दोन बायांचा कोयता? आसं आसतंय का कुटं?"

सोजर म्हणाली, "बरं, मंग आसं करा मुकादम. उत्तम अन् नामदेवचा एक कोयता करा, आमचा दोघींचा एक करा. बगू कुनाचा ट्रक आदी भरतोय!"

मुकादमानं वही काढली आणि मुक्ताच्या नावानं कोयता लिहून घेतला.

* * *

दसरा झाला आणि टोळी निघायचा दिवस आला. ट्रॅक्टरपुढं नारळ फुटला. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, सगळं ट्रॉलीत चढलं. मुकादम सवयीनं ओरडला, "नामदेवचा कोयता!"

कडुलिंबाखालून नामदेव हेलपाटत उठला, "हाय, हाय!"

"मुक्ताचा कोयता!" सोजर ट्रॉलीतून ओरडली. मुक्ता चढलेलीच होती.

नामदेव पिसाळला. चाकापुढं येऊन उभा राहिला. "बायकू उतरल्याबिगर गाडी हालू देनार न्हाई! आये, सांग तिला! इचार, मला भाकर कोन घालील?"

सगळे गोदाबाईकडं बघायला लागले. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. सासूनं अडवलं तर गावापुढं मुक्ताचं काय चालणार? मी गिरणी तशीच सोडून रस्त्यावर आले होते. वाटलं, ही म्हातारी आता तेच 'घोटभर'चं वाक्य म्हणणार.

गोदाबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा एका काखेत तिचं गाठोडं होतं, दुसऱ्या हातात तवा. तवा तिनं लेकाच्या हातात दिला आणि ट्रॉलीपाशी गेली. "मुक्ते, हात दे."

मुक्तानं वाकून सासूला वर ओढून घेतलं. म्हातारी पोत्यावर नीट मांडी घालून बसली. नामदेव हातातल्या तव्याकडं बघत बाजूला सरकला, आणि ट्रॅक्टर हलला.

थोडं पुढं गेल्यावर गोदाबाईनं मागं वळून ओरडून सांगितलं, "नाम्या, पीठ गरम पान्यात मळ रे! न्हाईतर थापताना भाकर फुटती!"