म्हशीच्या शिंगांवरचा भंडारा

नांदे गावच्या जत्रेदिवशी माझा कोंबडा गायब झाला. तो आरवला की आमच्या जांबे गावातले भाडेकरू ऑफिसची बॅग पाठीला लावूनच उठायचे. खुराड्याच्या कडीवर भंडाऱ्याची पिवळी बोटं दिसली आणि मी शेजारच्या चुलतभावाला धरलं, कारण जत्रेत भंडारा उधळून तो कोपरापर्यंत पिवळा होता. दोन घरांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली.

आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी गुन्ह्यांचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिला म्हटलं, "कडीवरचा डीएनए काढ. ह्याला आत घालू."

ती हसली. "काका, यांचा डीएनए सापडेलही. पण सकाळी तुम्ही यांना मिठी मारलीत आणि मग कडी लावलीत. यांच्या कातडीचे कण तुमच्या हातानंही तिथं जातात. कण कुणाचे ते कळतं, तिथं कसे आले ते कळत नाही. तुमची म्हैस बघा."

म्हशीची शिंगं पिवळी होती. ती काही देवळात गेली नव्हती. मिठीनंतर तिला शिंगाला धरून बांधली आणि धार काढली ती मीच.

"मंग बोटं तुजीच हायेत," चुलतभाऊ म्हणाला. "चल, तुलाच आत घालू."

तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरून कोंबडा आरवला. शेपटी पिवळीधमक. ती कुणी रंगवली यावर आम्ही दोघं अजून भांडतोय, तेही एका ताटात जेवताना.