बाबांची मागची सीट

मंडळी, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. इथं मला कोणी ओळखत नाही, म्हणून लिहितोय...

मुळात माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमचं घर बौद्धांचं. नवस, उतारा, अंगात येणं, यातलं काही आमच्याकडे कधी चाललं नाही. बाबा तर विहारात अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे. अनुभव त्यांच्याबद्दलचाच आहे, आणि ते असते तर त्यांनी मला हे लिहू दिलं नसतं.

आम्ही जबलपूरचे. आजोबा भंडाऱ्याहून इकडे आले, बाबा डिफेन्स फॅक्टरीत टर्नर होते, घर घमापुरला. रिटायर झाल्यावर बाबांनी एक जुनी पेट्रोल कार घेतली. चालवायचो मी. बाबा मागे मधोमध बसायचे, दोन्ही हात सीटवर पसरून. आई म्हणायची, "बसले पाहा, जनरल मॅनेजर."

दोन-तीन वर्षांनी गाडीच्या मागून बारीक रडल्यासारखा आवाज यायला लागला. चढावर गाडी झटके द्यायची, ऊन तापलं की चालता चालता बंद पडायची. आमच्या गल्लीतला मेकॅनिक गुड्डू भैया म्हणाला, "फ्यूल पंप जा रहा है भैया. टंकी खाली मत रखा करो, पेट्रोल ही उसको ठंडा रखता है. और बदलवा लो, किसी दिन बीच रस्ते में धोखा देगा."

मी हो म्हटलं. पण बदलला नाही, कारण बाबांना इलाज सापडला होता. पंप मागच्या सीटच्या खाली असतो. गाडी बंद पडली की मी चावी फिरवायची आणि बाबांनी सीटवर मुठीनं हाणायचं. एक जोराचा ठोका, आणि त्यावर एक हलकी थाप — गाईच्या पाठीवर देतात तशी. पंप घूं करायचा, गाडी सुरू. आई दर वेळी ओरडायची, "हळू हाणा हो, सीट फाटते." बाबा म्हणायचे, "फाटू दे नं. गाडी चालून राहिली नं?" आमच्या घरचा तो खेळच झाला होता. मोडकी वस्तू आपल्या हातानं चालवून घेण्यात बाबांना जो आनंद होता, तो मीही घेत होतो... आणि गुड्डूकडे जाणं टाळत होतो.

मग ती एप्रिलची दुपार. बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईनं त्यांना धुतलेला शर्ट घातला, दवाखान्यात घामेजल्या बनियनवर काहून जायचं म्हणून. मी त्यांना मागे झोपवलं आणि एकटाच निघालो. आईला शेजारच्यांनी घरी थांबवून घेतलं.

वाटेत चेरीतालजवळ गाडी बंद पडली.

मी चावी फिरवत राहिलो. बाजूनं ऑटो जात होते — एक नाही, कितीतरी. एकाला हात दाखवला असता तर पुरे होतं. मी दाखवला नाही. आता होईल, आता होईल, असंच वाटत होतं, कारण दर वेळी व्हायचंच. मागून बाबा म्हणाले, "फिरव चावी," आणि त्यांनी हाणलं. पडल्या पडल्या, त्या अवस्थेत. परत हाणलं. ठोका दर वेळी हळू होत गेला. शेवटी पंप बोलला. बाबांनी ती हलकी थाप दिली आणि म्हणाले, "झालं. चल, घाबरू नको."

दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेले होते. संध्याकाळी घरच्यांसमोर डॉक्टर एवढंच म्हणाले, "लाने में थोड़ी देर हो गई."

आईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती म्हणते, "मी शर्ट घालत बसले, त्यात वेळ गेला." येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. रात्री उठून मला सांगते. शर्टाला किती वेळ लागतो? मिनिट, दोन मिनिटं. गाडी कितीतरी जास्त वेळ उभी होती. आणि मी ऐकून घेतो.

पंप त्यानंतरही मी बदलला नाही. तुम्ही वेडा म्हणाल. पण गुड्डू आमच्याकडे चहाला यायचा, आईसमोर सहज बोलून गेला असता, 'मैंने तो कब से बोला था.' गाडी दुसऱ्या गॅरेजात नेता आली असती. पण खरं सांगू? ती सीट उचलून कोणी खाली बघावं, हेच मला नको होतं. गाडी बहुतेक उभीच ठेवायचो.

मागच्या हिवाळ्यात आईला नागपूरला मावशीकडे जायचं होतं. "यांच्याच गाडीनं नेशील," म्हणाली. थंडीत पंप बरा चालायचा, टाकी फुल केली, सकाळी निघालो. आई माझ्या बाजूला. मागे फक्त तिची शाल.

बर्गीच्या पुढे, घाटाच्या चढावर मागचा तो आवाज वाढला आणि एकाएकी थांबला. इंजिन मेलं. स्टीअरिंग जड झालं, ब्रेकचं पेडल दगडासारखं. गाडी मागे सरकायला लागली आणि आरशात भरलेला ट्रक. हॉर्न देत होता, बाजूला घ्यायला त्याला जागा नव्हती. मी हँडब्रेक ओढला, तरी गाडी घसरत होती. चावी फिरवली — काही नाही. परत फिरवली. आई डुलकीत होती.

तेव्हा मागच्या सीटवर ठोका पडला.

माझ्या पाठीला तो जाणवला. पंप घूं झाला, इंजिन लागलं, मी गाडी उचलली. आणि मग, गाडी पुढे निघाल्यावर, एक हलकी थाप.

आई डोळे मिटूनच म्हणाली, "हळू हाणा हो, सीट फाटते."

मग तिनं डोळे उघडले. वळून मागे पाहिलं. शाल होती तशीच होती.

पुढे वाटेत लखनादौनला मी पंप बदलून घेतला. तिथल्या मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "कभी कभी झटके से चल जाता है." असेलही. पण झटका दिला कोणी? गाडी घसरताना आवाज झाला असेल, आईला झोपेत जुनं आठवलं असेल... मी सगळं धरून पाहिलं. त्या हलक्या थापेचं काय करायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

तिथून निघताना आई म्हणाली, "मी मागे बसते आता." बसली. मधोमध नाही, एका बाजूला सरकून. हात सीटवर ठेवला. थोड्या वेळानं तिचं सुरू झालं, "बाबू, त्या दिवशी मी शर्ट घालत नसती बसली तर..."

मला तेव्हा बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "आई, ऊन लागते का तिकडे? काच वर करू?"

"नको," ती म्हणाली. "छान वाटून राहिलं."

तिला आता सत्याहत्तरावं लागलं आहे. उशीर तिच्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला, एवढं तिला माझ्या तोंडून सांगायचं अजून बाकी आहे.