पहिली गोष्ट यजमानाची

आखातातल्या आमच्या अल नहदा वस्तीतल्या मराठी वाचनकट्ट्याला वाचनाची आवड कधीच नव्हती. आवड होती ती शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या सकाळी, कुणाच्या तरी घरी जमून साबुदाणा वडे हाणण्याची, आणि हाणता हाणता आपण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपेक्षा कमी सुसंस्कृत नाही अशी स्वतःची समजूत घालण्याची. ज्याचं घर, त्यानं पुस्तक निवडायचं आणि नाश्ताही करायचा. एवढा एकच नियम सगळे कसोशीनं पाळत.

मंदी आली त्याच्या पुढच्या वर्षी माझी पाळी होती. मी एक आयरिश कादंबरी निवडली. तिच्यातला म्हातारा हिवाळाभर दारोदार फिरून गोष्टी सांगतो. लोक त्याला शेकोटीजवळ बसवतात, जेवू घालतात, रात्र रात्र ऐकतात. मग घरांत रेडिओ येतो आणि एकेक दार बंद होत जातं. ती वाचून मला रडू आलं, त्याला कारणही होतं. माझ्या नवऱ्याची नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेली होती. कंपनीनं मेहरबानी म्हणून व्हिसा तेवढा अजून रद्द केला नव्हता. दुसरी नोकरी मिळेपर्यंत कुणाला कळता कामा नये, हा हट्ट माझा. अर्धा कट्टा आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा, म्हणून नवरा रोज सकाळी टाय बांधून बाहेर पडायचा.

“फारच स्लो आहे,” समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी सुरुवात केली. “किती ते डिस्क्रिप्शन! मी तर स्किप करत गेले.” त्यांच्या पुस्तकातली खूण पहिल्या प्रकरणातच अडकलेली मला दिसत होती. एवढं स्किप करूनही बाई तिथेच!

मग आमचे विद्वान बोलले. हे गृहस्थ एका बँकेत रिस्क सांभाळायचे आणि कट्ट्यावर सगळ्यांची अक्कल.

“माझा टेकअवे सिंपल आहे. रेडिओ आला, मार्केट चेंज झालं, तर ह्या माणसानं स्वतःला अपग्रेड करायला नको? बसला शेकोटीपाशी! फुकट खायची सवय लागली की असंच होतं. खलास!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्या लोकांना कादंबरी द्या, ते तिचं अप्रायझल करतात. म्हाताऱ्यात इनिशिएटिव्ह नाही, म्हाताऱ्याला प्लॅन बी नाही. त्याच्या एकाही गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी वडे वाढत होते आणि प्रत्येक ताटलीबरोबर माझी तिडीक वाढत होती.

नवरा चहाचा ट्रे घेऊन आला होता. तो तसाच उभा राहिला.

“पुस्तकात एक रिवाज आहे,” तो म्हणाला. “पाहुणे जमले की पहिली गोष्ट यजमानानं सांगायची. मग पाहुण्यांनी, उजाडेपर्यंत. त्याबद्दल कुणी बोललंच नाही.”

कसे बोलणार? ते प्रकरण पुस्तकाच्या मध्यावर होतं.

“अहो, चहा निवतोय,” मी घाईघाईनं म्हटलं. काय होणार ते माझ्या लक्षात आलं होतं.

त्यानं ट्रे खाली ठेवला. “एक माणूस रोज टाय बांधून ऑफिसला निघतो. लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी भेटलं की ट्रॅफिकला शिव्या घालतो. पण त्याला ऑफिसच नसतं. तो खाडीकाठी देऱ्याला जातो, तिथल्या धक्क्यावर बसून लाकडी होड्यांत चढणारा माल बघतो. जुने फ्रिज, टायर, बिस्किटांची खोकी. खलाशांना वाटतं, कंपनीचा कुणी साहेब देखरेखीला आलाय. ते अदबीनं चहा देतात. हा पितो. संध्याकाळी रस्ते तुंबले की परत निघतो. लवकर घरी आला तर लोक विचारतील ना.” त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. “झाली माझी गोष्ट. आता पाहुण्यांची.”

तीन महिने जपलेलं सगळं त्यानं उघड्यावर मांडलं होतं. मला लाज वाटली, रागही आला. धक्क्यावरच्या चहाचं तर त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

“व्हेरी क्रिएटिव्ह,” वहिनी म्हणाल्या. कुणीतरी “इन्शाल्ला, सब ठीक होगा” असं पुटपुटलं. मग एकेकाला आठवड्याची खरेदी आठवली. एरवी उरलेले वडे डब्यांत भरून नेणारी ही माणसं, त्या दिवशी वड्यांना कुणी हात लावला नाही. आमच्या घरातलं काही खाल्लं तर आपलीही नोकरी जाईल, असं वाटलं असावं.

विद्वान तेवढे दाराशी बुटाची नाडी बांधत रेंगाळले. बायको लिफ्टपाशी पोचल्यावर त्यांनी मान वर न करता नवऱ्याला हळूच विचारलं, “देऱ्याला पार्किंग कुठे करता? मी मॉलमध्ये बसतो. पण तिथे ओळखीचे फार भेटतात.”

“अहो, यल्ला, चला! लिफ्ट आलीय,” त्यांच्या बायकोनं हाक मारली. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

मला त्या माणसाची दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासमोर बसून त्यानं म्हाताऱ्याला फुकट्या म्हटलं होतं. मी दार लावून घ्यायला हात पुढे केला.

नवऱ्यानं दार धरून ठेवलं. “रविवारी ऑफिसं उघडतील, आठला खाली या,” तो म्हणाला. “एकाच गाडीनं जाऊ. टाय मात्र बांधा, नाहीतर खलाशी चहा देत नाहीत.”