मायाक्कानं तोडलेलं कोकरू

माझ्या ओळखीत कॅनडा देश पाहून आलेली बाई एकच, आणि तिला सही करता येत नाही. मायाक्का तिचं नाव. सोलापूरच्या आमच्या मिशन दवाखान्यात ती बायकांच्या वॉर्डात आया आहे. माझे यजमान तिथंच कंपाउंडर, त्यामुळं आवारातल्या चाळीत तिची खोली आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून. संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला की ती दारात येऊन हात जोडते आणि तिथंच बाहेर टेकते. आत ये म्हटलं तरी येत नाही. असं बसल्याबसल्या तिनं जे सांगितलं ते, आणि मी स्वतः पाहिलं ते, दोन्ही मिळून लिहिते आहे.

मायाक्का सांगोल्याकडची धनगरीण. बाळंतपण अडलं म्हणून तिच्या नवऱ्यानं, गुंडा त्याचं नाव, तिला बैलगाडीत घालून सोलापूरला आणलं होतं. मुलगी झाली, पण आठवडाभरही जगली नाही. त्याच सुमारास आमच्या डॉक्टरसाहेबांची मडमबाई बाळंत झाली. ही माणसं मूळची कॅनडाची. मडमबाईला ताप भरला, अंगावर दूध नाही, आणि ती गोरी पोर बाटलीला तोंड लावीना. साहेब स्वतः मायाक्काच्या खाटेपाशी आले आणि म्हणाले, "बाई, माझं मूल जगव."

तिनं पोर घेतली. पण पान्हाच फुटेना.

"मेंढीचं कोकरू मेलं आन दुसरं पोरकं कोकरू तिला लावायचं झालं की मेल्याचं कातडं त्याच्या पाठीवर बांदत्यात, वैनी," ती मला सांगत होती. "मेंढी वास घेती आन उबी ऱ्हाती. मी बी तसंच केलं. माज्या लेकीची कुंची घातली त्या पोरीला. फसवायचं व्हतं ते मलाच की! पोरीला काय, दुदाशी मतलब."

पोर जगली. तिचं नाव डोरा. ते मायाक्काच्या तोंडी बसेना म्हणून ती दुरपा म्हणायची, आणि मग सगळं आवार दुरपाच म्हणायला लागलं. गुंडा मेंढरं घेऊन भीमेकाठी गेला तो दुसरी बायको करूनच आला. मायाक्कानं त्याचं फारसं काही मनाला लावून घेतलं नाही. तिला दुरपा होती. ती पोर आमच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून विचारायची, "वैनी, आज काय केलंय? मला भूक लागलीय की!" आईशी इंग्रजीत आणि बाकी जगाशी सांगोल्याच्या मराठीत. मायाक्काला ती आक्का म्हणायची आणि तिचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही.

दुरपा सहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात, म्हणजे सन चौतीसात, साहेबांची मोठी रजा आली. आया बरोबर हवी म्हणून मायाक्कालाही नेलं. मुंबईहून जहाज, हाँगकाँगला जहाज बदललं, मग नुसतं पाणी. तिनं पिशवीत भंडारा नेला होता. बोट हलायला लागली की चिमूटभर कपाळाला लावायची आणि दुरपालाही लावायची.

पलीकडं उतरल्यावर साहेबांनी एक मोटार भाड्यानं घेतली. त्यांच्या मनात होतं की दुरपाला आपला मुलूख दाखवायचा, डोंगर दाखवायचे, जनावरं दाखवायची, आणि शेवटी मडमबाईच्या बहिणीच्या गावी जायचं. तंबू, कांबळी, भांडी मागं बांधली. मायाक्कानं विचारलं, "ड्रायव्हर कुटं हाय?"

"मी आहे," मडमबाई म्हणाल्या. त्यांचं मराठी पंतोजीकडून शिकलेलं, प्रत्येक शब्द घासून पुसून ठेवल्यासारखा. "अर्धा दिवस साहेब चालवतील, अर्धा दिवस मी चालवीन."

"बाई मोटार हाकनार?"

"आक्का, भिऊ नगं," दुरपा म्हणाली. "पडलो तर समदेच पडू की!"

तो मुलूख मायाक्कानं मला इतक्या वेळा सांगितला आहे की डोळे मिटले तर दिसतो. डोंगरावर उन्हाळ्यातही बर्फ. तळ्याचं पाणी मोरपिसाच्या रंगाचं. रस्ता डोंगराच्या कडेनं, खाली खोल दरी. माणूस दिवसाकाठी एखादं भेटायचं. ते सगळं रान तिथल्या सरकारनं राखलेलं, बंदुकीला मज्जाव, म्हणून जनावरं गाईगुरांसारखी रस्त्यावर यायची. एकदा एक काळं अस्वल मोटारीच्या काचेपाशीच येऊन उभं राहिलं. मायाक्का घाबरली नाही, इकडंतिकडं बघायला लागली.

"काय शोधतेस?" साहेबांनी विचारलं.

"ह्याचा दरवेशी कुटं हाय?"

साहेब इतके हसले की गाडी बंद पडली. आपल्याकडं अस्वल येतं ते दरवेशाच्या दोरीला बांधून; तिनं मोकळं अस्वल कधी पाहिलंच नव्हतं.

मग ती बानप म्हणते त्या गावापुढं एका वळणावर तिला मेंढरं दिसली. मातकट रंगाची, वळलेल्या जाडजूड शिंगांची, सरळ कड्यावर उभी. खाली दगडाला खार सुटला होता, तो चाटायला काही उतरली होती. मायाक्का गाडीतून उतरली आणि तिनं आपल्या मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. एका मेंढीनं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा चाटायला लागली.

"ह्यांचा धनगर कुटं?"

"धनगर नाही, मायाक्का. ही रानची आहेत."

"मग रात्री वाघराच्या जाळीत कोन कोंडतं? लांडगा आला तर?"

"कोणी कोंडत नाही. लांडगा काही नेतो, काही राहतात."

"आन लोकर कोन कातरतं?"

"कोणीच नाही."

तिनं हात जोडले. "मंजी बिरोबाच राकतोय," ती म्हणाली. साहेब ख्रिस्ती धर्माचं माणूस, पण त्यांनी तिला काही दुरुस्त केलं नाही.

त्या कळपात एक मेंढी होती. तिच्या मागं मागच्या साली जन्मलेलं पिलू, चांगलं थोराड, पुन्हा पुन्हा कासेत तोंड घालायला बघत होतं. मेंढीनं त्याला डोकं मारलं. ते परत आलं. तिनं असं मारलं की ते घरंगळत खाली आलं, उठलं, उभं राहिलं आणि मग एकटंच गवताला लागलं. दुरपा रडायला लागली. "आक्का, त्येची आई वाईट हाय!"

"वाईट न्हाय ग. तोडतीया त्येला. न्हाय तोडलं तर ते खाया शिकत न्हाय."

त्याच संध्याकाळी तंबूपुढं जाळ करून साहेब आणि मडमबाई इंग्रजीत बोलत बसले होते. मायाक्काला त्यातलं काही कळत नव्हतं. दुरपाला कळत होतं. ती पदराशी सरकली आणि हळूच म्हणाली, "आक्का, मला हितंच ठिवनारेत. मावशीकडं. शाळंत घालनारेत."

"कोन म्हनलं?"

"आत्ता आई म्हनली. सोलापूरला चांगली शाळा न्हाय म्हने. तू बी ऱ्हानार का माज्यासंगं?"

मायाक्कानं जाळात काटकी सरकवली. "मला कोन ठिवतंय, बाय."

"मग मी बी न्हाय ऱ्हानार. मी दार धरून बसीन. मी जेवनार न्हाय."

ही पोर बोलते तसं करणारी. मायाक्काला ते माहीत होतं. एकदा मायाक्काला चुलत सासू वारली म्हणून दोन रात्री गावी जावं लागलं, तर दुरपानं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मीच तिला मांडीवर घेऊन भात भरवायला गेले होते, तर माझ्या हाताला चावली. आता तर सात समुद्रांचं अंतर पडायचं होतं.

हे ऐकताना मी मायाक्काला विचारलं, "अगं, मग मडमबाईंनाच का नाही विचारलंस? मला ठेवाल का म्हणून?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "मेंढरू कुठल्या कळपात ऱ्हायाचं ते मेंढराला इचारत्यात व्हय, वैनी? आपुन इचारायचं नसतं. आपल्या हातात पोरीचं हाल व्हऊ न द्येनं, येवडंच व्हतं."

आणि मग तिनं तिला येत होतं ते केलं. आपल्याकडं कोकरू दुधावरून तोडायचं झालं तर मेंढीच्या सडांना शेण फासतात. कोकरू तोंड लावतं, थुंकतं, दोनदा लावतं, मग लावत नाही. दोघांनाही कमी ताप होतो असं धनगर मानतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका तळ्याकाठी ती भांडी घासत होती. दुरपा येऊन पाठीवर पडली. मायाक्कानं तिला झटकलं.

"हो बाजूला."

"का ग आक्का?"

"मी तुजी आक्का न्हवं. माजी लेक मेली. तिची कुंची घालून तुला दूद पाजलं, तुज्या बापानं पाया पडून मागितलं म्हनून. तू मडमीची हाईस. मला तुजा कटाळा आलाय. कवा येकदा घरी जातीया असं झालंय मला."

दुरपा हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. तिनं पदर धरला. मायाक्कानं तिच्या हातातनं तो ओढून घेतला आणि खरकट्या हातानं तिला ढकललं. पोर ओल्या दगडांवर पडली. कोपर फुटलं. तिनं मायाक्काच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मायाक्कानं तोंड तसंच ठेवलं.

"रडली न्हाय वैनी. रडली असती तर मी उचललंच असतं."

दुरपा उठून मोटारीत पुढच्या सीटवर, आईबापाच्या मध्ये जाऊन बसली. तिथून पुढचा सगळा प्रवास ती पुढंच बसली. हरणं दिसली, झाडाएवढ्या शिंगांची सांबरं दिसली, ती आईला इंग्रजीत दाखवायची. मागं मायाक्का आणि तंबूचं गाठोडं. रात्री आईजवळ झोपायची. मडमबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला आक्का नको. कोपराचं विचारलं तर म्हणाली, पाय घसरला.

मावशीच्या घराभोवती सफरचंदांची बाग होती. निरोपाच्या दिवशी दुरपा मावसभावांबरोबर झाडावर चढलेली होती. आईबापाला पापे द्यायला खाली उतरली आणि पुन्हा चढली. मायाक्का मोटारीपाशी उभी होती. तिच्याकडं पोरीनं मान वळवली नाही. मायाक्काला बरं वाटलं. तोडलेलं कोकरू असंच पाहिजे, ओरडणारं नको.

जहाज सुटून किनारा दिसेनासा झाला तेव्हा मडमबाई कठड्याला धरून रडत होत्या. मायाक्का त्यांची शाल घेऊन गेली. तेव्हा त्या म्हणाल्या, "मायाक्का, मी तुला एक गोष्ट सांगते. आम्ही तुला डोराजवळ ठेवणार होतो. तिला सवय होईपर्यंत, एक वर्ष. साहेबांनी तिथल्या सरकारची परवानगीसुद्धा काढली होती. मी तुला विचारणारच होते, तू राहशील का. पण डोराच म्हणाली, मला आक्का नको. ती इतकी लवकर मोठी झाली, आम्हाला नवल वाटलं. मग तुला परक्या मुलखात कशाला अडकवायचं?"

मायाक्कानं शाल त्यांच्या खांद्यावर घातली. मग तिनं विचारलं, "बाईसाब, हे जहाज माघारी वळत न्हाय का?"

"नाही, मायाक्का. ते कसं वळेल?"

तिनं का विचारलं हे मडमबाईंनी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

ती सोलापूरला आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, इतकी वाळली होती. आवारातल्या बायका विचारायच्या, तिकडची अस्वलं कशी ग, बर्फ कसा ग. ती सांगायची. दरवेशाची गोष्ट तर फार रंगवून सांगायची, सगळ्याजणी हसायच्या. तळ्याकाठचं मात्र दोन वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. मग एका संध्याकाळी दिवा लावून मी वळले तर ती दाराच्या चौकटीला डोकं लावून बसलेली, आणि सगळं बोलली. मी म्हटलं, देवाला तुझं मन माहीत आहे. ती म्हणाली, "देवाला हाय. तिला कुटं हाय?"

मागल्या साली, म्हणजे पोरीला तिकडं ठेवल्याला चार वर्षं झाली तेव्हा, मडमबाई एकट्याच लेकीला भेटायला निघाल्या. बरोबर लहान मूल नाही, तेव्हा आयेची गरज नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी मायाक्का बंगल्यावर गेली. मी बरोबर होते, तिनंच नेलं होतं.

"बाईसाब, दुरपाला येक निरोप सांगा. म्हनावं, आक्का खोटं बोलली व्हती."

"कशाबद्दल?"

"तिला ठावं हाय."

मडमबाईंनी मान हलवली. मग पावसाळा गेला, दिवाळी झाली. तेवढे दिवस मायाक्का वॉर्डात गुणगुणायची, मी कितीदा ऐकलं. सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन माशांना कणीक टाकून यायची. मडमबाई परत आल्या त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून फाटकापाशी उभी राहिली. सामान उतरेपर्यंत थांबली, आणि मग विचारलं.

मडमबाईंच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळलं. दुरपा उंच झाली होती, घोड्यावर बसत होती, शाळेत पहिली आली होती. मराठी विसरली होती. निरोप त्यांनी इंग्रजीत सांगितला.

"काय म्हनली?"

"तिनं विचारलं, आक्का म्हणजे मला सांभाळणारी ती बाई ना? ती कशाबद्दल खोटं बोलली?"

मायाक्कानं उतरवलेल्या सामानातली एक वळकटी उचलली आणि परत ठेवली.

"तिला आठवत नाही, मायाक्का. पण तू मला सांग, मी तिला लिहून कळवते. काय होतं ते?"

मायाक्का म्हणाली, "नगं, बाईसाब. आदी ते ध्येनात आनून द्यायचं, आन मग खोटं व्हतं म्हनायचं. तिला कशाला तरास?"

मी तिचा हात धरून तिला चाळीकडं आणलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती माझ्या घरात आली, थेट देवापाशी. हात जोडले नाहीत. नुसती बसली. मी पोळ्या लाटायला घेतल्या, तिला जेवूनच जा म्हटलं. ती जेवली आणि रात्रपाळीला निघून गेली.