काचेची पोटुशी गाढवी

रक्का शहरातल्या काचभट्टीवर मुअत्तिबने चाळीस वर्षं नळी फुंकली. फुंकून फुंकून त्याचे गाल रिकाम्या पखालीसारखे लोंबू लागले होते. त्या भट्टीचा जुना नियम होता: लागोपाठ तीन भांडी सपाट दगडावर डगमगली, की फुंकणाऱ्याने भट्टीसमोरची बैठक सोडायची आणि मागे बसून दुसऱ्यांच्या भांड्यांना कान जोडायचे. मुअत्तिबची दोन डगमगून झाली होती.

तिसरं भांडं म्हणजे लुबाबा अत्तरवालीची कुपी. बाई जिभेने तिखट, पण मनाने खजुरासारखी. ती दारातच ठाण मांडून बसली.

"मुअत्तिबभाऊ, नाजूक कर हं. मागची कुपी माझ्या गाढवीनेसुद्धा हुंगून परत दिली."

"मावशी, त्याच्या तोंडात नळी आहे. बोलू नका," हुनैन म्हणाला. मुअत्तिबच्या बहिणीचा हा मुलगा आता भट्टीचा कारभार बघत होता.

"म्हणून तर बोलतेय. एरवी तो मला बोलू देतो कुठे? अरे, काल गाढवी काझींच्या दारात अडून बसली. काझी विचारतात, हिची तक्रार काय? म्हटलं, नवरा नांदवत नाही!"

मुअत्तिबला हसू आवरेना, आणि ते सगळं नळीत गेलं. तापलेला फुगा एका अंगाने टम्म फुगला.

हुनैनने मान खाली घातली. "मामा, नियम..."

"नियम दगडावरचा आहे, नळीवरचा नाही. चिमटा आण!"

त्याने फुगवटा खाली वळवला. त्याला चार पाय ओढले, दोन कान, वळणदार शेपूट. पाठीवर काचेच्या धाग्याने बोटभर कुपी बांधली. मग ती निवत ठेवली. अशा बारीक पायांना निवताना हमखास तडा जातो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? दुसऱ्या सकाळी तो उजाडायच्या आत भट्टीवर हजर होता.

हुनैनने गाढवी दगडावर ठेवली. बोटाने ढकलून पाहिली. चारही पाय घट्ट.

"अगं बाई, ही तर पोटुशी!" लुबाबा टाळी वाजवून म्हणाली. "म्हणजे काझींनी निकाल दिला!"

मुअत्तिब आपल्या बैठकीवर पुन्हा ऐसपैस बसला. आठवड्यात तशा आणखी सात गाढवींची मागणी आली. त्याने सात वेळा मन लावून फुंकलं, पण तसं पोट काही येईना.

शेवटी हुनैनच उठला. "कुठे निघालास?" मामाने विचारलं.

"मावशींना बोलवायला."