हॉलिसच्या पाठीमागून

टकर्स बेंडच्या शाळेत कॉर्डेल मॅब्री आधी ढोल वाजवायचा. शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला बँडचा लाल कोट घालून उभा राहायचा, पण खेळाकडे त्याचं फारसं लक्ष नसायचं. कोच स्टॅम्प्सनी त्याला हेरलं ते शाळेच्या जेवणघरात. मधल्या सुट्टीत तिथे पोरांची झुंबड उडालेली, आणि हा भरलेला ट्रे घेऊन त्या गर्दीतून असा सुळकन निघाला, की बटाट्यावरची ग्रेव्ही ताटाच्या कडेलाही लागली नाही. कोच मागोमाग त्याच्या टेबलापर्यंत गेले.

"ढोल ठेव आणि उद्या मैदानावर ये."

"मला फुटबॉल येत नाही, कोच."

"बॉल काखेत दाबायचा आणि धरायला येणाऱ्यांना चुकवत पळायचं. आत्ता तेच केलंस."

असा कॉर्डेल रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी झाला. दोन वर्षांत मिसिसिपीच्या त्या सपाट मुलखात, कापसाच्या शेतांपासून माशांच्या तळ्यांपर्यंत, त्याचं नाव झालं. पण तो पळायचा ती वाट काढून द्यायचा हॉलिस थ्रेडगिल. पुढच्या फळीतला, बुटका आणि कपाटासारखा रुंद पोरगा. समोरच्याला धडक देऊन तो बाजूला सारायचा आणि कॉर्डेल त्या फटीतून निसटायचा. गावच्या पेपरात कॉर्डेलचा फोटो यायचा, त्यात कोपऱ्यात हॉलिसचा फक्त पार्श्वभाग दिसायचा.

"माझी चांगली बाजू छापतात," हॉलिस म्हणायचा.

शेवटच्या वर्षी एका मोठ्या विद्यापीठाचे कल्पेपर नावाचे गृहस्थ कॉर्डेलच्या घरी आले. गावोगाव फिरून खेळाडू जमवणं हेच त्यांचं काम. कॉर्डेलची आई व्हर्नेल माशांच्या कारखान्यात दिवसभर मासे सोलायची, त्यामुळे घरात मासा शिजत नसे. तिने कोंबडी तळली होती, पालेभाजी आणि मक्याचा पाव केला होता. कल्पेपरांनी तीनदा वाढून घेतलं.

"याचा पाय मोडला तर?" व्हर्नेलने विचारलं.

"आमच्याकडे उत्तम डॉक्टर आहेत, बाई."

"डॉक्टर इथेही आहेत. मी शिक्षणाचं विचारतेय."

"पदवी मिळेपर्यंत सगळा खर्च आमचा."

"हे तुमच्या साहेबांच्या तोंडून ऐकेन, मग बघू."

कॉर्डेलने ताट बाजूला सारलं. तो म्हणाला, "आणि हॉलिस? तो नसेल तर मी कुणाच्या मागून पळू?"

कल्पेपर हसले. "हॉलिस चांगला आहे रे. पण उंचीला कमी पडतो. आमच्याकडे फळीत एकेक ताडमाड पोरं आहेत. तू काळजी करू नकोस."

कॉर्डेलने काळजी केली, पण नकार दिला नाही. शाळेच्या हॉलमध्ये आपण कुठे जाणार हे जाहीर करायला सगळ्यांसमोर त्याने त्या विद्यापीठाची टोपी घातली, तेव्हा हॉलिसने सगळ्यांत मोठी शिट्टी मारली. ऑगस्टमध्ये कॉर्डेल निघाला, त्या सकाळी मात्र हॉलिस आला नाही. त्याला कारखान्यात काम लागलं होतं आणि सकाळची पाळी होती. पाळी बदलून मिळाली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

विद्यापीठात कॉर्डेलसारखे सहा जण होते आणि प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिला. ताडमाड पोरं होती खरी, पण त्यांच्यामागे कॉर्डेलला फट दिसायची ती मिटल्यावर. हॉलिस कुठे धडकणार हे त्याला हॉलिसच्या खांद्यांवरून कळायचं. इथल्या खांद्यांची भाषा त्याला येत नव्हती. पहिलं वर्ष राखीव खेळाडूंच्या बाकावर गेलं. रनिंग बॅकना शिकवणारे कोच रॅग्सडेल एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅब्री, बॉल हातात नसला की तू पाहुण्यासारखा उभा राहतोस. बॉल फेकणाऱ्यावर कुणी धावून आलं तर त्याला अडवायचं कुणी? मी?"

त्या उन्हाळ्यात घरी आल्यावर कॉर्डेल हॉलिसच्या दारात गेला. हॉलिस पायरीवर बसून बूट धूत होता.

"मला अडवायला शिकव."

"कुणाला?"

"कुणालाही. मला धडक देता येत नाही."

हॉलिसने बूट उलटा करून पाणी झटकलं. "तीन वर्षं माझ्या मागे होतास. काय बघत होतास रे?"

"मोकळी जागा."

"शहाणाच आहेस." तो हसला नाही. बूट पायरीवर ठेवून म्हणाला, "चर्चच्या मागे चल."

चर्चमागच्या गवतात हॉलिसने त्याला समोर उभं केलं आणि आडवा पाडला. उठला, पुन्हा पाडला.

"मान खाली घालतोस, गाढवा! बघ माझ्याकडे."

"बघतोय!"

"बघतोस आणि डोळे मिटतोस. येणारा तुला दुखवणारच आहे. आधी ते मान्य कर, मग पाय रोव."

दोघं उन्हाळाभर तिथे झुंजले. कॉर्डेलच्या बरगड्या निळ्या पडल्या. निघायच्या त्या सकाळी न येण्याबद्दल हॉलिस काही बोलला नाही आणि कॉर्डेलनेही विचारलं नाही.

पुढे त्याला खेळायला मिळालं, पण बहुतेक वेळा अडवायलाच. बॉल घेऊन पळायला त्याच्याहून वेगवान दोघं होते. तिसऱ्या वर्षी एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला एक दांडगा गडी फळी फोडून आत घुसला. कॉर्डेलने मान वर ठेवून त्याला छातीवर घेतलं आणि दोघंही कोसळले. तेवढ्या उसंतीत लांब फेक गेली, सामना जिंकला. मैदान ओरडत होतं आणि कॉर्डेल जमिनीवर बसून श्वास शोधत होता.

व्हर्नेल आणि हॉलिस तो सामना बघायला आले होते. गाडीतळावर तिने लेकाला जवळ घेतलं आणि लगेच तक्रार केली, "माइकवाल्याने तुझं नावसुद्धा घेतलं नाही."

"नाही घेत, आई."

"का नाही घेत? मी जाऊन विचारते."

"मिस व्हर्नेल, गाडीत बसा," हॉलिस म्हणाला. "आता तो माणूस घरी गेला असेल."

कॉर्डेलला व्यावसायिक संघाचं बोलावणं आलं नाही, आणि त्याने वाटही पाहिली नाही. पदवी घेऊन तो मेरिडियन शहराच्या बाजूला एका शाळेत भूगोल शिकवायला लागला. संध्याकाळी तो मुलांना फुटबॉल शिकवतो. नवीन आलेल्या वेगवान पोरांना पहिले दोन आठवडे तो बॉलला हात लावू देत नाही, नुसतं अडवायला शिकवतो. त्यांच्या बापांना ते आवडत नाही आणि ते तसं त्याला तोंडावर सांगतात.