दोन घरांचे दिवे

आमच्या घराच्या मागल्या दारापासून खाडी चार पावलांवर होती आणि प्यायचं पाणी मैलभर लांब. रेवस धक्क्याच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. दाराशी विहीर होती, पण तिचं पाणी खारट. भांडी घासायला ठीक, घोट घ्यायला नाही. नवरा होडी घेऊन चार-चार दिवस दर्यावर, आणि पाणी आणणं हे काम आमच्यात बाप्यांचं नव्हेच. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, सकाळी एक खेप, दुपारी एक.

मला पाण्याचा कंटाळा होता असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? सहा वर्षं आणलं. पण त्या सहा वर्षांत मी दोनदा पोटुशी राहिले आणि दोन्ही वेळा चौथा-पाचवा महिना पुरा झाला नाही. दुसऱ्या खेपेला अलिबागच्या डॉक्टरांनी बजावलं, बाई, भरला हंडा उचलायचा नाही. मी मान डोलावली. घरी आले तर पाण्याचा माठ कोरडा.

स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. शिमग्याच्या सुमाराला मला तिसऱ्यांदा दिवस होते, आणि तेव्हाच कानावर आलं की खाडीपलीकडची म्हातारी घर विकून मुंबईला लेकाकडे चालली आहे. तिच्या परसात गोड्या पाण्याची विहीर होती. चुलीवरून उठावं, दोर सोडावा, पाणी काढावं! माझं डोकंच फिरलं.

नवरा म्हणाला, "आधी आपलं घर जाऊं दे, मंग बघू."

"तुमचा चुलतभाऊ घेनार हाय ना? मग अडलंय कुठं?"

"घेनार हाय. पन घेतलं न्हाय अजून."

चुलत दिराचं लग्न ठरत होतं, त्याला वेगळं घर हवं होतं आणि त्यानं स्वतः शब्द दिला होता. मला तेवढं पुरे होतं. त्यातून अलिबागचं कुणी गिऱ्हाईक म्हातारीच्या घराभोवती घिरट्या घालतंय असं कळलं, मग काय विचारता! मी पाटल्या मोडल्या आणि इसार देऊन टाकला. उरलेले पैसे अक्षय्यतृतीयेपर्यंत द्यायचे, नाही दिले तर इसार बुडाला, असं ठरलं. नवऱ्यानं गपगुमान अंगठा उठवला. माझ्यापुढे त्याचं काही चालत नसे, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. मूर्ख बाई!

आमच्या वाडीत घर विकायची एक रीत होती. विकणारा तिन्हीसांजेला पेटता दिवा घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. तोवर एकही सांज घर अंधारात ठेवायचं नाही. अंधारलेलं घर कोणी घेत नसे.

म्हातारी ठरल्यापेक्षा आधीच निघाली. लाँच पकडायच्या आधी तिनं मला बोलावलं आणि देवापुढचा दिवा माझ्या हातात दिला. "पैसं येतील तवा येतील. घर अंधारात ठेवू नको गो बाय."

झालं, आता दोन घरांचे दोन दिवे माझ्यावर. रोज ओहोटीच्या पाण्यातून खाडी उतरायची, पलीकडे दिवा लावायचा, त्यात सांज सरेल इतकं तेल घालायचं आणि आपल्या घरी दिवेलागणीच्या आत परतायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही येतं. पंधरा-वीस दिवस एकदाही चुकले नाही.

त्या दिवशी दशमी होती, म्हणजे भरती साडेसातची. नवरा दर्यावर होता. मी चारच्या सुमाराला घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले, दिवा लावला आणि लगेच परतायचं सोडून विहिरीशी गेले. एक पोहरा काढला, ओंजळीनं प्यायले. दुसरा काढला, तोंड धुतलं. मग काय वाटलं कोण जाणे, केस सोडले. गोड्या पाण्यानं न्हाऊन मला किती वर्षं झाली होती! पोहऱ्यावर पोहरे ओतत राहिले. पोटातल्या जिवालाही हात फिरवून सांगितलं, बघ रे, हे आपलं. खाडीच्या काठावर आले तर पाणी छातीला लागेल एवढं चढलं होतं. कोळ्याची सून, आणि भरती विसरले! ओले केस घेऊन मी तिथं बसून राहिले आणि पलीकडे वाडीतले दिवे एकेक लागताना पाहिले. माझं घर तेवढं काळं.

सकाळी चुलत सासू दारात उभी होती. "काल तुझ्या घरात दिवा न्हवता."

"एका सांजेनं काय होतं?" मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"काय होतं? दोनदा काय झालं या घरात, तुलाच ठाव. आनि आता अंधार बी पडला. माझी नवी सून मी हितं न्हाय आननार."

मी भांडले, रडले, पाया पडले. दीर आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. आणि कोळीवाड्यातलं घर कोळ्याखेरीज घेणार कोण? दोन दिवसांत सगळ्या वाडीला ठाऊक झालं.

नवरा परतला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "त्या दिशी तिथ कोन्ची होती?"

"दशमी."

तो उठून जाळं विणायला बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अक्षय्यतृतीया आली आणि गेली. म्हातारीचा लेक मुंबईहून आला, गोड बोलला, आणि त्यानं घर अलिबागच्या गिऱ्हाईकाला दिलं. पण म्हातारी नव्हती, दिवा माझ्याकडे होता. तेव्हा घर घेणाऱ्या बाईच्या हातात तो मीच दिला. बाई भली होती. म्हणाली, "ताई, पाणी लागलं तर कधीही भरून न्या." नेणार कशी? मधे खाडी, आणि डोक्यावर हंडा!

मग पुन्हा मैलभरावरची विहीर. पाचवा महिना होता. बायकांनी दोन-चार दिवस खेपा घातल्या, पण त्यांच्याही घरी माठ होतेच. वैशाख सरता सरता वाटेतच कळ आली. हंडा हातातून सुटला. या खेपेला मुलगा होता, म्हणून सुईणीनं सांगितलं.

सुतक फिटायच्या दिवशी वाडीतल्या बायका मला न्हाऊ घालायला आल्या. प्रत्येकीनं एकेक हंडा गोडं पाणी आणलं होतं, चुलत सासूनंसुद्धा. तिनंच माझे केस सोडले आणि ती पाणी ओतत राहिली. मी म्हणाले, पुरे. ती थांबेना. म्हणाली, "न्हा गो, पानी खूप हाय."